बुढीचा बांध

१४ जून १९५७, कोसमघाट

सावलीहून बैलगाडीने साडेचार तास लागले. पाठीच्या कण्यात मणके किती हे मी पुस्तकात वाचले होते. आज प्रत्येकाशी स्वतंत्र ओळख झाली.

पुण्याच्या प्रयोगशाळेत आठ वर्षे मी मुलांना शेवाळाचे काप करून दाखवले, आणि आता अखेर सरकारला माझी किंमत कळली. नेमणुकीच्या कागदावर माझे पद 'जलतृण अधिकारी' असे आहे. हे पद आजवर कोणालाच मिळालेले नाही, कारण ते नव्हतेच.

कामाची जागा म्हणजे वैनगंगेने केव्हातरी सोडून दिलेला जुना बाक. दीड मैल लांब, घोड्याच्या नालासारखा. लोक त्याला 'बुढी' म्हणतात. पावसाळ्यात नदी काठ ओलांडून बुढीत शिरते, आठ-दहा दिवस पाहुणचार घेते आणि परत जाते. परिणाम असा की आत कमळ, शिंगाडा, रानटी देवधान, शेवाळ, सगळे एकमेकांच्या अंगाखांद्यावर. शिस्त म्हणून नाही. माझी योजना सोपी आहे. बांध घालून नदीला बाहेर ठेवायचे आणि आत रांगेने कमळ आणि शिंगाडा लावायचा. ही योजना मी पुण्यात बसून लिहिली, त्यामुळे तिच्यात स्थानिक दोष शिरले नाहीत.

मुक्काम शाळेच्या एका खोलीत. लोक मला 'गवतसायेब' म्हणू लागले आहेत. पहिल्याच दिवशी एवढा आदर.

१९ जून

देवाजी पाटलांकडे जेवलो. विज्ञानाची चाड असलेला गावातला हा एकटाच माणूस. बुढीच्या वरच्या अंगाला त्यांची धानाची शेते आहेत. मी नकाशा उलगडला तसा त्यांनी ताटावरचा हात थांबवला.

"बांध इथून गेला तर हा उथळ भाग कोरडा पडन, नाई का सायेब?"

एवढ्या चटकन मुद्दा पकडणारा विद्यार्थी मला पुण्यात भेटला नव्हता. मी म्हणालो, "अर्थातच."

"मंग ते जमीन कोनाची?"

मी सांगितले की ते महसूल खात्याचे काम, विज्ञानाला जमिनीच्या मालकीशी कर्तव्य नसते. यावर त्यांनी मला स्वतःच्या हाताने आणखी तूप वाढले.

२४ जून

आज विरोधी पक्ष भेटला. मनसाराम हे इथल्या ढिवरांचे, म्हणजे मासेमारांचे, म्होरके. साठीचे, काटक, बोलताना समोरच्याकडे न बघता पाण्याकडे बघतात. ढिवरांची तीसेक घरे बुढीवर जगतात. मासे, शिंगाडा, कमळाचे कंद आणि कसल्या कसल्या भाज्या.

"बांध काऊन पायजे जी?" त्यांनी विचारले.

मी पाऊण तास समजावून सांगितले. मधे दोनदा लॅटिनही आले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सायेब, नदी सालातून एकदा घरी येते, झाडझूड करते, अन् जाते. तुमी दाराले कुलूप लावून राह्यले. मंग झाडन कोन?"

अशिक्षित माणसाला उपमा फार सुचतात. शास्त्रीय विचार न करता येण्याचे हे लक्षण आहे, असे टिपून ठेवले.

७ ऑगस्ट

नदी आली.

मनसारामांची धाकटी बहीण मैना हिचा डोंगा मी कामासाठी ठरवला आहे. चाळिशीची विधवा, बोलायला फटकळ. एका लाकडाचा कोरलेला तो डोंगा मी बसलो की एका बाजूला कलतो, म्हणून ती मला मधोमध मांडी घालायला लावते आणि "हालू नोका" एवढेच सांगते. सरकारी अधिकाऱ्याला इतक्या कमी शब्दांत सूचना देणे बरे नव्हे.

तरीही नोंद ठेवली पाहिजे. चार दिवसांत पाणी साडेपाच फूट चढले आणि कमळाची पाने बुडाली नाहीत. देठ पाण्याबरोबर लांबत गेले. देवधानाच्या एका ताटाला मी सुतळी बांधली होती. ते तीन दिवसांत हातभर वाढले. मी पट्टी तीनदा लावली.

"इतके कसे वाढते?" माझ्या तोंडून निघून गेले.

"पानी चढलं तर मान वर काढा लागते जी," मैना म्हणाली. "तुमी नाई काढनार?"

३० ऑगस्ट

ऋषिपंचमी. आज इथल्या बायका नांगराने पिकवलेले काही खात नाहीत. बुढीतले गेल्या सालचे देवधान कांडून शिजवतात, सोबत पाण्यातल्या भाज्या. मैनाने मलाही पानावर वाढले. भात लालसर, चवीला बरा, खरे तर फारच बरा. मी दोनदा घेतला.

जेवण झाल्यावर बायकांना समजावून सांगितले की शास्त्राच्या दृष्टीने हे तण आहे. एक म्हातारी म्हणाली, "तन तर तन. दुष्काळात यानंच जगवलं." मैना पदराआड हसत होती. विषय गंभीर असताना ती का हसते, याचा उलगडा झाला नाही.

१६ सप्टेंबर

पूर ओसरला. पावसाच्या सुरुवातीला बुढीच्या दक्षिण टोकाला जलकुंभीची सतरंजी पसरली होती. जाड पानांची ती परदेशी वनस्पती माजली की पाणी गुदमरते. ती आता तिथे नाही. नदी जाताना ओढून घेऊन गेली. शेवाळही विरळ झाले, पाणी नितळले, तळाला बोटभर ताजा गाळ बसला. त्यात नदीतल्या माशांची पिल्ले वळवळताहेत.

अहवालात निष्कर्ष लिहिला: पुरामुळे वनस्पतींच्या वाढीत गंभीर व्यत्यय येतो. बांध तातडीने हवा.

५ नोव्हेंबर

घाईत लिहितो आहे, अक्षर वाईट येईल.

पाणी मागे सरले तिथे, पुराच्या ओल्या गाळावर आज एक इवलीशी वनस्पती पाहिली. अंगठ्याच्या नखाएवढी पाने, जांभळट फूल, मुळे गाळाला घट्ट धरून. कोणत्याच पुस्तकात सापडत नाही. तिन्ही पुस्तके चाळून झाली.

"ही काय?" मी विचारले.

"पाहुनी," मैना म्हणाली. "पूर आला का त्याच्या गाळावर येते. वीस-बावीस दिवस राह्यते. पूर नाई आला त्या साली तोंड दाखवत नाई. भाजी चांगली होते, पन मूठभरच भेटते."

शास्त्राला अज्ञात वनस्पती, आणि या बायका तिची भाजी करतात! नमुने दाबून कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाला पाठवले. तिला माझे नाव मिळेल, गद्रे हे नाव. आमच्या घराण्यात आजवर कोणाचे नाव कशालाही दिले गेलेले नाही.

"सायेब," मैना म्हणाली, "काऊन उपटून राह्यले सगळे? दोन-चार तर ठेवा."

शास्त्राची निकड तिला कशी समजावी!

२२ जानेवारी १९५८

बांधाचे काम सुरू झाले. ओव्हरसियर दुबेसाहेब जबलपूरकडचे. जुन्या मध्यप्रदेशात नोकरीला लागले आणि राज्ये बदलली तेव्हा टेबलाखुर्चीसकट आमच्या वाट्याला आले. बोलणे हिंदीत, जेवणे देवाजींकडे. त्यांना इथला तांदूळ फार आवडतो. देवाजींनी चार पोती 'नमुना' म्हणून त्यांच्या जीपमध्ये घातली. शास्त्रात नमुना चिमूटभर पुरतो, पण बांधकामाच्या लोकांची प्रमाणे मोठी असतात.

काठावर मनसाराम आणि बरेच ढिवर बसून पाहत होते. त्यांच्या तोंडावर उत्सुकता स्पष्ट दिसत होती.

१९ मे

बांध पूर्ण. नारळ फुटला. देवाजींनी भाषण केले, त्यात माझे नाव तीनदा आले. नकाशात बांधाच्या पोटात सिमेंटची मोरी आहे, पाहिजे तेव्हा उघडून नदीचे पाणी आत घेता यावे म्हणून. जागेवर ती दिसली नाही. दुबेसाहेब म्हणाले, "अंदर है, मिट्टी के नीचे." सुरक्षित जागा.

संध्याकाळी देवाजींकडे. घरापुढे नवा सिमेंटचा ओटा झाला आहे, गुळगुळीत, गार. असा ओटा या मुलखात दुसरा नाही. मी मनापासून कौतुक केले. दुबेसाहेबांना ठसका लागला.

२० जुलै

नदी चढली, बांधाला टेकली आणि तिथेच थांबली. मी वर उभा राहून पाहिले. एका बाजूला गढूळ, खवळलेली, अडाणी नदी. दुसऱ्या बाजूला माझी शांत बुढी, नुसत्या पावसाच्या पाण्याने गुडघाभर भरलेली. वरच्या उथळ भागात देवाजींच्या माणसांनी धान रोवायला घेतले. गेल्या साली तिथे देवधान होते. जंगली धानाच्या जागी शिकलेले धान! वरच्या कचेरीला तार केली: प्रयोग यशस्वी.

१२ ऑगस्ट

मी रांगेने लावलेल्या कमळांच्या मधे जलकुंभी दिसते आहे. किरकोळ.

२३ ऑगस्ट

किरकोळ नाही. पाण्याला आता वाहते तोंडच नाही, त्यामुळे ती अकरा दिवसांत टोकापासून टोकापर्यंत पोचली. मैनाचा डोंगा रुतला. तिने वल्ह्याने सतरंजी बाजूला सारली तर खालचे पाणी काळे निघाले आणि असा वास आला की मी रुमाल काढला. खाली तळाला शेवाळ कुजले आहे.

"मासे?" मी विचारले.

"कुठून येतीन? पिल्लं तं नदीतून येत जाये."

आज ती हसली नाही. तिला हसताना पाहून मी रागवत असे, आणि आज ती हसली नाही याचाही राग आला. ढिवरांची सहा घरे रोजीसाठी माजरीच्या कोळशाच्या खाणीकडे निघाली आहेत. मनसारामांचा मुलगा इस्तारी उद्या जातो. पाण्याच्या माणसाने जमिनीच्या पोटात जायचे.

अहवालात काय लिहावे ते सुचले नाही. 'वनस्पतींची समाधानकारक दाट वाढ' असे लिहिले. खोटे नाही.

९ सप्टेंबर

कलकत्त्याचे पत्र. दोन ओळी मी इतक्या वेळा वाचल्या की पाठ झाल्या. नमुना 'विलक्षण' आहे. पण नाव देण्यापूर्वी फळ धरलेली ताजी झाडे हवीत, याच हंगामातली. न मिळाल्यास विषय बंद करावा लागेल.

याच हंगामातली! पाहुणी पुराच्या ताज्या गाळावर येते. पूर बांधाच्या पलीकडे आहे. बांध माझा.

पुरात बांधावर नजर ठेवायला दुबेसाहेब तंबू ठोकून आहेत, धावत तिथे गेलो. म्हटले, मोरी उघडा. ते आधी समजले नाहीत. समजले तेव्हा म्हणाले, "मोरी? कौनसी मोरी?" नकाशावर बोट ठेवले. त्यांनी नकाशा घडी करून परत दिला आणि पान खायला गेले.

मी आज पहिल्यांदा असे लिहितो आहे: मनसाराम बरोबर होते, निदान काही अंशी. एक चतुर्थांश. फार तर अर्धे.

११ सप्टेंबर

नदी बांधाच्या माथ्याखाली दोन हातांवर आहे. दुपारी खुरपी घेऊन निघालो. झाडे उपटायची खुरपी, दुसरे हत्यार माझ्याकडे नाही. विचार असा की थोडेसे पाणी आत घ्यावे, माझ्या गाळापुरते. अर्धा तास खणून सशाच्या बिळाएवढा खड्डा झाला.

वर पाहिले तर मनसाराम, मैना आणि वीस-बावीस माणसे फावडी घेऊन उभी. तेही त्याच कामाला आलेले! सरकारी अधिकारी सरकारी बांध खुरपीने फोडतो आहे, हे दृश्य त्यांनी नीट पाहून घेतले.

"सायेब," मैना म्हणाली, "खुरपीनं बांध नाई फुटत." आणि स्वतःचे फावडे माझ्या हातात दिले.

मी म्हणालो, इथेच खोदू, इथे उतार बरा आहे. मनसारामांनी मान हलवली. "इथी फोडलं तर पानी ढिवरपुऱ्यात घुसन. तिकडं चला, जुन्या तोंडावर. नदीले आपला रस्ता ठावं हाय."

तिकडे गेलो. दोन तासांत माझ्या हाताला सात फोड आले. पाणी आधी बोटाएवढे आले, मग मनगटाएवढे, आणि मग त्याला आमची गरज उरली नाही. पायाखालचा काठ सुटला आणि मी त्याच्याबरोबर गेलो. कोणीतरी सदऱ्याची कॉलर धरली. माजरीला गेलेला इस्तारी! खाणीतली सहा माणसे याच कामासाठी कालच परत आली होती, असे नंतर कळले. मला ओढून वर टाकताना तो म्हणाला, "गवतसायेब गवतासारखा हलका हाय बाप्पा." सगळे हसले. मी पण. का ते माहीत नाही.

जलकुंभीची ती सतरंजी एका बाजूने उचलली गेली, दुमडली आणि डुलत डुलत नदीच्या वाटेला लागली. देवाजी छत्री घेऊन पलीकडच्या काठावर उभे होते. त्यांचे धान पाण्याखाली जात होते. ते ओरडत होते, पण पाण्याच्या आवाजात ऐकू आले नाही.

मैना माझ्या शेजारी चिखलात बसली होती. "तुमच्या पाहुनीसाठी आले ना तुमी?" तिने विचारले.

मी म्हणालो, "हो." लाज वाटली.

"आले तर खरं," ती म्हणाली.

२९ सप्टेंबर

चौकशी. दुबेसाहेब कागद घेऊन शाळेत आले. मागून देवाजी, तोंड उतरलेले. कोणी फोडला ते सांगा, नावे द्या, ढिवरांवर खटला भरतो, असे दुबेसाहेबांचे म्हणणे. अंगणात मनसाराम, मैना, सगळे उभे होते. नावे दिली तर ही माणसे तुरुंगात. माझे दिले तर नोकरी गेली. मी आयुष्यात कधी खोटा अहवाल दिलेला नाही, अपुरे दिले असतील.

तेवढ्यात आठवले. बांधाच्या मातीत मी गेल्या महिन्यात खरोखरच बिळे पाहिली होती. मोठ्या उंदरांची, घुशींची. सत्य मिळाले!

मी ताठ उभा राहिलो. "साहेब, बांध कोणी फोडला हा प्रश्न चुकीचा आहे. हा बांध पहिल्या दिवसापासून घुशीने पोखरलेला होता."

दुबेसाहेबांचे पेन थांबले. "क्या? घूस?"

"घूस. मी स्वतः पाहिले आहे."

"आपने... देखा?"

"गावात सगळ्यांनाच ठाऊक आहे. कोणालाही विचारा." मी मनसारामांकडे वळलो. "घूस असते की नाही इथे?"

मनसाराम पहिल्यांदाच पाणी सोडून माणसाकडे बघत होते, दुबेसाहेबांकडे. "असते जी," ते सावकाश म्हणाले. "मोठी असते."

"अगदी!" मी म्हणालो. "तांदळाच्या पोत्यांचा वास आला की तिथे हमखास. आणि देवाजींनी नवा ओटा केला आहे ना, त्याच्या खाली खणून पाहा, माझी खात्री आहे तिथेही सापडेल."

देवाजींनी भिंतीला हात टेकला. मैना तोंडाला पदर लावून अंगणाबाहेर गेली. बाहेरून खोकल्यासारखा आवाज येत होता.

दुबेसाहेबांनी रुमालाने मान पुसली. आभाळ भरून आलेले, दिवस गार होता. "गद्रेसाहब," ते फार मऊ आवाजात म्हणाले, "लिखने की क्या ज़रूरत है. बाढ़ आयी, बाँध गया. कुदरत की बात है. दुबारा बनाने का सवाल ही नहीं." आणि त्यांनी माझ्यासमोरच तसे लिहिले, सही केली, शिक्का मारला. खटला नाही. नवा बांध नाही. जीप निघाली तेव्हा देवाजी तिच्यामागे चालत जात होते, एकसारखे काही सांगत.

उंदीरवर्गाची एवढी धास्ती घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. त्यांच्या हिंदीत लोक घूस खातातही म्हणे, मग भीती कसली? लहानपणी चावली असेल.

३१ ऑक्टोबर

पाणी सरले. सकाळी मैनाबरोबर गाळावर गेलो. पाहुणी आली आहे, गेल्या सालापेक्षा दाट. फळ धरलेली बारा झाडे घेतली, बाकीची राहू दिली. मैनाने ती मोजून पाहिली आणि ओल्या फडक्यात बांधून दिली. परतताना देवधान झोडपायला बायका डोंग्यांतून निघाल्या होत्या. यंदा थोडेच आहे, काठाकाठाने. तरी आहे.

टपालात दुबेसाहेबांचे खासगी पत्र. माझ्या बढतीसाठी त्यांनी वर शिफारस केली आहे, आणि घुशींचा विषय मी कृपा करून विसरावा, अशी हात जोडून विनंती.

सज्जन माणूस. माझा वेळ वाया जाऊ नये म्हणून लिहितो. पण विज्ञानात अर्धवट सोडून चालत नाही. उद्या बसून सविस्तर टिपण करतो आणि थेट मुंबईच्या मोठ्या कचेरीला पाठवतो: कोसमघाटच्या बांधातल्या घुशी किती, कोणकोणत्या, काय खातात आणि त्यांची बिळे कुठपर्यंत जातात.